डेबियन १३ वर डेस्कटॉप कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, अशी बरीच मंडळी तेव्हापासून लिनक्सकडे वळली आहेत. त्यांतले काही जण डेबियन ही लिनक्सची आवृत्ती घेतात, इन्स्टॉलरच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत व्यवस्थित पोहोचतात आणि डेस्कटॉपची यादी समोर आली की अडतात. पुढचे प्रश्न त्या यादीपाशी थांबलेल्यांसाठी आहेत.

डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे नेमकं काय?

संगणक सुरू केल्यावर जे डोळ्यांना दिसतं आणि माउसला लागतं ते सगळं: पॅनेल, मेनू, खिडक्यांच्या कडा, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, सूचना, लॉक स्क्रीन. विंडोजमध्ये हा भाग सिस्टिमबरोबर येतो आणि त्यात निवड नसते. लिनक्समध्ये तो वेगळा बनतो, वेगळे लोक बनवतात आणि तो काढून दुसरा बसवता येतो. खालचा डेबियन मात्र तोच राहतो. वाय-फायचे ड्रायव्हर, प्रिंटर, सुरक्षेचे अपडेट यांना तुम्ही कोणता डेस्कटॉप घेतला याने फारसा फरक पडत नाही.

डेबियनवर ही निवड जास्त विचार करून करावी असं का म्हणतात?

कारण ती टिकते. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आला. त्यात जीनोम ४८, प्लाझ्मा ६.३, एक्सएफसीई ४.२० आणि एलएक्सक्यूटी २.१ हे डेस्कटॉप आहेत, आणि डेबियन १४ येईपर्यंत त्याच मालिका राहतील. मध्ये दुरुस्त्या येतात, नवा चेहरा येत नाही. इतर ठिकाणी सहा महिन्यांनी मेनूची जागा बदलते, तसं इथे होत नाही. म्हणून आज जे निवडाल त्यातल्या खटकणाऱ्या गोष्टीसुद्धा दोनेक वर्षं तशाच राहणार आहेत, हे धरून चाला.

याचा फायदा मोठा आहे. जीनोमची एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून जोडायचे छोटे कार्यक्रम, नव्या आवृत्तीत बंद पडतात ही जुनी तक्रार आहे. डेबियनवर जीनोमची आवृत्तीच बदलत नाही, त्यामुळे एकदा लावलेलं एक्स्टेन्शन चालत राहतं. जीनोम आवडतो पण त्याची डागडुजी नको, अशांसाठी डेबियन ही मला सगळ्यात योग्य जागा वाटते.

इन्स्टॉलरमध्ये काहीच बदललं नाही तर काय मिळतं?

जीनोम. त्या पडद्यावर डेबियन डेस्कटॉप आणि जीनोम या दोन्हींवर आधीच खूण असते. दुसरं काही हवं असेल तर जीनोमवरची खूण काढा आणि हव्या त्या नावावर करा. नुसती दुसरी खूण वाढवून पुढे गेलात तर दोन्ही बसतात, आणि मग मेनूत दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल, दोन कॅल्क्युलेटर दिसायला लागतात.

डेबियनने मध्यंतरी, २०१३ साली, एक्सएफसीई हा मूळ पर्याय करून पाहिला होता. २०१४ मध्ये ते जीनोमकडे परतले. त्यामागे एक कारण होतं दिव्यांग वापरकर्त्यांची सोय. ते आजही लागू आहे. त्याबद्दल खाली स्वतंत्र प्रश्न आहे.

जीनोम कोणाला मानवतो?

जो माणूस दिवसभर दोन-तीन खिडक्यांत काम करतो, कीबोर्डवरचा हात सोडायला नाखूश असतो आणि सेटिंग्ज चाळण्यात ज्याला रस नाही, त्याला. विंडोजचं चिन्ह असलेली कळ दाबली की सगळ्या उघड्या खिडक्या समोर मांडल्या जातात. तिथेच ॲपचं नाव टाइप करायला लागलं की ते सापडतं. टचपॅडवर तीन बोटं सरकवून एका वर्कस्पेसवरून (खिडक्यांच्या एका पडद्यावरून) दुसऱ्यावर जाता येतं, आणि हे इतकं सहज जमतं की लॅपटॉपवाल्यांना बहुधा याचीच ओढ लागते.

विंडोजवरून आलेल्या माणसाला तो सुरुवातीला चुकल्यासारखा वाटतो. खाली टास्कबार नाही. खिडकी लहान करायचं बटण नाही. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल दिसत नाही. हे सगळं परत आणता येतं: बटण ट्वीक्स या ॲपमधून, टास्कबारसारखी पट्टी डॅश टू डॉक या एक्स्टेन्शनने, आयकॉन त्यांच्या वेगळ्या एक्स्टेन्शनने. तिन्ही गोष्टी डेबियनच्याच भांडारात, म्हणजे जिथून कार्यक्रम उतरवून बसवतात तिथे, आहेत. पण माझा सल्ला असा, की पहिला आठवडा काही लावू नका. जीनोम ज्या पद्धतीने वापरायचा म्हणून बनला आहे तसा वापरून पाहा. आठवड्यानंतरही तिन्ही गोष्टी हव्याशा वाटल्या, तर तुम्हाला जीनोम नकोय, दुसरा डेस्कटॉप हवाय. त्याच्याशी झगडत बसू नका.

केडीई आणि प्लाझ्मा एकच का?

केडीई हे समुदायाचं नाव, प्लाझ्मा हे त्यांच्या डेस्कटॉपचं. इन्स्टॉलरच्या यादीत केडीई प्लाझ्मा अशी नोंद दिसते.

खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ ही मांडणी विंडोजवाल्याला लगेच ओळखीची वाटते. त्यापलीकडे जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलता येते, आणि हेच त्याचं बळ आहे. १२५ किंवा १५० टक्के मोठं करून अक्षरं वाचणाऱ्यांना, दोन वेगळ्या आकारांचे मॉनिटर लावणाऱ्यांना, एकाच खिडकीसाठी खास नियम ठरवणाऱ्यांना प्लाझ्मासारखं दुसरं सापडणार नाही. पूर्वी केडीईत एका क्लिकला फाइल उघडायची, त्याने नवखे गोंधळायचे. प्लाझ्मा ६ पासून, म्हणजे फेब्रुवारी २०२४ पासून, मूळ सेटिंग डबल-क्लिकचं आहे.

केडीई कनेक्टचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. फोन आणि संगणक एकाच वाय-फायवर असले की फोनवरच्या सूचना पडद्यावर येतात, इथे कॉपी केलेला मजकूर तिथे पेस्ट होतो, फोटो केबलशिवाय येतात. बँकेचा ओटीपी बघायला फोन शोधत फिरावं लागत नाही, एवढ्यासाठीसुद्धा लोक प्लाझ्मावर राहतात. जीनोमवर हेच काम जीएसकनेक्ट नावाचं एक्स्टेन्शन करतं.

उणी बाजू अशी, की सेटिंग्जचा पसारा अफाट आहे. आवड असलेल्याला तो आनंद देतो, नसलेल्याला दमवतो.

मुळात दोन मोठे डेस्कटॉप का आहेत? एकच बनवून सगळ्यांनी त्यावर का नाही काम केलं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा वाटतं की हा अहंकाराचा मामला असावा. खरं कारण परवान्याचं होतं. ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतल्या माथियास एट्रिख यांनी केडीईची हाक दिली. त्यासाठी त्यांनी ट्रोलटेक या कंपनीचं क्यूटी हे खिडक्या-बटणं बनवण्याचं साधन निवडलं. क्यूटी उत्तम होतं, पण त्या वेळी त्याचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं आणि वाटावं अशा सॉफ्टवेअरच्या, कसोटीला उतरत नव्हता. पूर्णपणे मुक्त असलेल्या व्यवस्थेचा चेहराच मुक्त नसेल, हे अनेकांना पटेना. ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोच्या दोघांनी जीनोम सुरू केला, आणि त्यासाठी जीटीके हे तसंच साधन वापरलं. हे जीटीके गिम्प या चित्र संपादकासाठी लिहिलेलं होतं.

पुढे २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं आणि मूळ भांडण मिटलं. तोवर दोन्ही घरं उभी राहिली होती. डेबियनसाठी हा वाद पुस्तकी नव्हता. परवान्यांबाबत डेबियन अतिशय काटेकोर आहे आणि याच कारणासाठी १९९८ मध्ये त्यांनी केडीई आपल्या भांडारातून काढलं होतं. आज त्याच इन्स्टॉलरमध्ये दोन्ही नावं शेजारी शेजारी दिसतात. हा इतिहास माहीत असला की त्या यादीकडे जरा आदराने पाहिलं जातं.

माझा लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी. काय घेऊ?

एक्सएफसीई. यात मला शंका वाटत नाही.

आता थोडं सविस्तर. डेस्कटॉप किती रॅम खातो याचे आकडे इंटरनेटवर हवे तेवढे मिळतील, पण ते प्रत्येक मशीनवर वेगळे येतात. ढोबळ मानाने जीनोम आणि प्लाझ्मा नुसते उघडून ठेवले तरी एक जीबीच्या आसपास किंवा त्याहून जास्त घेतात, एक्सएफसीई त्यापेक्षा बराच कमी घेतो, एलएक्सक्यूटी आणखी कमी. फरक चारपाचशे एमबीचा. १६ जीबीच्या मशीनवर तो कळणारही नाही. ४ जीबीवर तोच फरक ब्राउझरच्या काही टॅबचा असतो, म्हणून तिथे त्याला किंमत आहे.

पण जुनं मशीन रखडतं ते बहुतेकदा डेस्कटॉपमुळे नाही, फिरत्या हार्ड डिस्कमुळे. खर्च करणार असाल तर आधी एसएसडी टाका. हार्ड डिस्कच ठेवायची असेल आणि तरी प्लाझ्मा हवा असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन फाइल शोधाचं इंडेक्सिंग बंद करा. बलू नावाचा तो कार्यक्रम पार्श्वभूमीत फाइली वाचत बसतो आणि जुनी डिस्क त्यानेच दमते.

एक्सएफसीई दिसायला साधा आहे, पण अपुरा नाही. थुनार हा त्याचा फाइल मॅनेजर चपळ आहे, व्हिस्कर मेनू लावला की शोध आणि आवडती ॲप्स एका जागी येतात. रात्रीचा पिवळसर प्रकाश मात्र त्यात नाही, त्यासाठी रेडशिफ्ट वेगळं घ्यावं लागतं.

रॅम २ जीबीच असेल तर एलएक्सक्यूटी. आणि प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर डेबियन १३ बसणारच नाही. त्या मशीनसाठी या आवृत्तीत इन्स्टॉलर दिलेला नाही.

आई-बाबांसाठी कोणता घालून देऊ?

सिनॅमन. त्याची मांडणी विंडोज ७ वापरलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातलं पॅनेल चुकून मोडत नाही. पॅनेलवरचे तुकडे हलवायचे तर आधी बदल करण्याची सोय मुद्दाम चालू करावी लागते. प्लाझ्मात उजवी क्लिक करून भलतंच काही काढून टाकणं तुलनेने सोपं आहे, आणि मग संध्याकाळी फोन येतो की खालची पट्टी गेली. एक्सएफसीईतही पॅनेलला कुलूप लावता येतं, ते विसरू नका.

सिनॅमन हा डेस्कटॉप लिनक्स मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीच्या लोकांनी बनवला आणि त्याची सगळ्यात चांगली मशागत मिंटमध्येच होते. आई-बाबांच्या मशीनसाठी डेबियनचाच पाया हवा असेल, तर मिंटची डेबियनवर बेतलेली एलएमडीई ही आवृत्ती बघा. तिची सातवी आवृत्ती डेबियन १३ वर उभी आहे. तिथे अपडेटची खिडकीसुद्धा नवख्या माणसाला कळेल अशी आहे.

निवड त्यांना विचारून करा, एवढं नक्की सांगेन. आपल्याला जे आवडतं ते त्यांच्या गळ्यात मारलं की ते संगणक उघडणंच सोडून देतात.

मराठी टाइप करायला कोणता सोयीचा?

सगळ्यांत मराठी लिहिता येतं. फरक आहे तो सुरुवातीच्या खटपटीत.

तुम्ही इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण मांडणी वापरत असाल तर काम कुठेही सोपं आहे. कीबोर्डच्या मांडण्यांत भारत या विभागाखाली मराठीची सुधारित इनस्क्रिप्ट मांडणी आहे, तशीच कगप पद्धतीची उच्चारानुसारी मांडणीही आहे. या मांडण्या सिस्टिमच्या मुळातच असल्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही, एक्सएफसीईतही लगेच चालतात. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा ऱ काढायचा तर इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून जे, मग डी, मग पुढचं अक्षर.

रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवायची सवय असेल, तर एम१७एन हा टाइपिंग पद्धतींचा संच लागतो. त्यात आयट्रान्स आहे, मिंग्लिश आहे, आणि मराठी ब्लॉगांवर वाढलेल्या पिढीच्या ओळखीचं गमभन आहे. रेमिंग्टन टाइपरायटरवर बोटं बसलेल्यांसाठी तीही मांडणी आहे. जीनोममध्ये हे काम सगळ्यात सरळ होतं, कारण टाइपिंग पद्धती चालवणारं आयबस त्याच्या आतच गुंफलेलं आहे: एम१७एनचं पॅकेज घ्या, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची पद्धत जोडा, आणि विंडोजची कळ व स्पेस दाबून अदलाबदल करा. प्लाझ्मात वेलँडवर (ते काय, हे खाली आहे) एक पायरी जास्त आहे. सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड या ठिकाणी जाऊन एफसीआयटीएक्स ५ (आयबससारखाच कार्यक्रम) किंवा आयबस निवडावं लागतं. नाव फसवं आहे, पडद्यावरच्या कीबोर्डशी याचा संबंध जोडून लोक ती जागा उघडतच नाहीत आणि मराठी येत नाही म्हणून हताश होतात.

श आणि ल मराठी वळणाचे दिसत नाहीत, हिंदी वळणाचे दिसतात, ही तक्रारही नेहमीची. नोटो सान्स देवनागरी टंकात दोन्ही वळणं आहेत. मजकुराची भाषा मराठी आहे हे कार्यक्रमाला कळलं तर तो मराठी वळण दाखवतो. लिब्रेऑफिसमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी ठेवा, फरक लगेच दिसेल.

मेनू मराठीत मिळतील का?

बऱ्याच अंशी. डेबियनचा चित्रमय इन्स्टॉलर स्वतः मराठीत चालतो. जीनोम आणि केडीई दोन्हींची मराठी भाषांतरं आहेत, जुन्या भागांत भरपूर आणि नव्या खिडक्यांत विरळ. मध्येच इंग्रजी वाक्यं दिसतात. ही भाषांतरं स्वयंसेवकांनी केलेली आहेत आणि दोन्ही प्रकल्पांना मराठी हात हवे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईची भारतातली परिषद पुण्यात, सीओईपी या तंत्रशास्त्र विद्यापीठात भरली होती. ज्या राज्यात असे मेळावे होतात तिथल्या भाषेचे मेनू अर्धवट राहावेत हे मला मनापासून खटकतं.

वेलँड आणि एक्स११ हा काय प्रकार आहे? त्याचा विचार करायचा का?

पडद्यावर खिडक्या रंगवण्याची ही दोन तंत्रं. एक्सचा जन्म १९८४ साली एमआयटीमध्ये झाला, वेलँडचा २००८ मध्ये. वेलँडवर एक ॲप दुसऱ्याच्या कळा चोरून वाचू शकत नाही, आणि वेगवेगळ्या आकारांचे पडदे तो जास्त चांगले सांभाळतो. जीनोम आणि प्लाझ्मा डेबियन १३ मध्ये मुळातच वेलँडवर चालतात. एक्सएफसीई, सिनॅमन आणि मेट (याबद्दल खाली आहे) अजून प्रामुख्याने एक्स११ वर आहेत.

साधा वापर असेल तर विचार करू नका. ब्राउझरमधून मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवणं वेलँडवर व्यवस्थित चालतं. अडचण येते ती दुरून संगणक चालवणाऱ्या काही जुन्या ॲप्समध्ये आणि काही एनव्हिडिया कार्डांवर. तसं झालं तर जीनोम आणि प्लाझ्मा दोन्हींसाठी डेबियन १३ मध्ये एक्स११ चं सत्र (लॉग-इन करताना निवडता येणारा पर्याय) अजून उपलब्ध आहे. पुढच्या आवृत्तीत त्यावर अवलंबून राहू नका, दोन्ही प्रकल्प एक्स११ मागे टाकत आहेत.

डोळ्यांनी दिसत नाही अशा व्यक्तीसाठी काय निवडावं?

जीनोम, आणि त्याला पर्याय म्हणून मेट. ऑर्का हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा कार्यक्रम, जीनोमच्याच अंगणात वाढला. ऑल्ट, विंडोजची कळ आणि एस एकत्र दाबले की तो बोलायला लागतो. डेबियनचा इन्स्टॉलरसुद्धा बोलतो: सुरुवातीच्या मेनूत एस दाबून एंटर केलं की पुढची सगळी स्थापना ऐकत ऐकत करता येते, दुसऱ्या कोणाला बोलवावं लागत नाही. ई-स्पीक एनजी या आवाजात मराठी आहे. उच्चार यांत्रिक वाटतो, पण मराठी मजकूर वाचला जातो. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी या कामासाठी मी सुचवणार नाही.

शाळेच्या लॅबसाठी?

सगळ्या मशीनवर एकच. कोणता, हा दुय्यम मुद्दा आहे. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं उबुंटू या लिनक्सवर बेतलेली एकच व्यवस्था चालते. लॅबमधली मशीनं जुनी असतात, तेव्हा एक्सएफसीई घ्या, पॅनेलला कुलूप लावा आणि मुलांना वेगळं खातं द्या.

जीनोमवर केडीईचे कार्यक्रम चालतात का?

चालतात, आणि उलटही चालतं. क्रिता (चित्रकला), केडेनलाइव्ह (व्हिडिओ संपादन), ओक्युलर (पीडीएफ वाचक) हे कार्यक्रम हवेत म्हणून प्लाझ्मा घ्यायची गरज नाही. सोबत काही लायब्ररी येतात, डिस्कवर थोडी जागा जाते, आणि बटणांची घडण शेजारच्या खिडकीपेक्षा जरा वेगळी दिसते. एवढंच.

मेट, एलएक्सडीई, कॉस्मिक यांचं काय?

मेट हा जीनोम २ चा वारसा. २०११ मध्ये जीनोम ३ आला तेव्हा जुनी मांडणी सोडवेना म्हणून तो वेगळा निघाला. ती मांडणी आवडत असेल तर आजही भरवशाचा. एलएक्सडीई आता नव्याने घेऊ नये, त्याची जागा एलएक्सक्यूटीने घेतली आहे. कॉस्मिक अमेरिकेतल्या सिस्टिम७६ या कंपनीने रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिला आहे. लक्ष ठेवण्यासारखा आहे, पण डेबियन १३ च्या इन्स्टॉलरमध्ये तो नाही.

बसवण्याआधी वापरून बघता येईल का?

येईल, आणि बघाच. डेबियन प्रत्येक डेस्कटॉपची वेगळी लाइव्ह आयएसओ (न बसवता थेट चालणारी फाइल) देतो. पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून संगणक सुरू करा, डिस्कला हात लागत नाही. मात्र पेनड्राइव्हवर सगळंच हळू चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. त्याऐवजी तुमची रोजची कामं करा: वाय-फाय जोडा, प्रिंट काढा, फोनमधले फोटो आणा, मराठीत पानभर लिहा, लॅपटॉप मिटून उघडा. चित्रफिती पाहून निवडू नका. त्यांत वॉलपेपर आणि ॲनिमेशन दिसतं, तुमचा प्रिंटर दिसत नाही.

नंतर बदलावासा वाटला तर सगळं परत इन्स्टॉल करावं लागेल?

नाही. टास्कसेल (इन्स्टॉलरमधलीच ती यादी दाखवणारा कार्यक्रम) चालवून दुसऱ्या डेस्कटॉपवर खूण केली की तो बसतो. लॉग-इनच्या खिडकीसाठी जीडीएम, एसडीडीएम किंवा लाइटडीएम यांपैकी कोणती ठेवायची असं विचारलं जाईल, कोणतीही चालते. मग लॉग-इन करताना सत्र निवडायचं.

फक्त नव्या डेस्कटॉपची परीक्षा नव्या खात्यात घ्या. एकाच खात्यात दोन डेस्कटॉप आलटून पालटून वापरले की थीम, टंक, मूळ ॲप्स यांची सरमिसळ होते, आणि मग दोघांतला दोष कोणाचा हे कळत नाही. नवीन खात्यात पटला तर आपल्या खात्यात त्याचं सत्र निवडा, आणि जुना डेस्कटॉप काढण्याची घाई करू नका. काढायचाच असेल तेव्हा टास्कसेलमधली खूण नुसती काढून भागत नाही, पॅकेजं पुष्कळदा मागे राहतात. काय काय निघणार आहे ती यादी पूर्ण वाचा आणि मगच होकार द्या, कारण वाय-फाय जोडणाऱ्या नेटवर्क मॅनेजरसारखी कामाची गोष्टही त्या यादीत असू शकते.